फुप्फुसांतील गांठ व वाट पाहण्याचें गणित

छातीच्या सी. टी. स्कॅनमध्यें फुप्फुसांत लहानशी गांठ दिसली कीं घरांतील माणसांच्या तोंडचें पाणी पळतें. पुष्कळदां तो जुन्या क्षयाचा वा अन्य संसर्गाचा वणच असतो. पण कर्करोगाची शंका उरतेच. मग डॉक्टर "अमुक महिन्यांनीं या" असें कां सांगतात?

एका चित्रानें आकार कळतो. वाढ कळावयास दोन चित्रें लागतात. कर्करोगाच्या घन गांठीचें घनफळ बहुधा १०० ते ४०० दिवसांत दुप्पट होतें. परंतु घनफळ दुप्पट झालें तरी व्यास सुमारें चतुर्थांशानेंच वाढतो. ६ मिलिमीटरचे साडेसात होतात. महिन्याभरांत पुन्हां पाहिल्यास हा सूक्ष्म फरक मोजमापाच्या चुकींतच बुडून जाईल.

म्हणून फ्लाइश्नर सोसायटीनें २०१७ सालीं, पस्तिशी गांठलेल्यांत अकस्मात् आढळणाऱ्या गांठींसाठीं, मर्यादा सुचविल्या. कर्करोग झालेल्यांना वा प्रतिकारशक्ति क्षीण असलेल्यांना त्या लागू नाहींत. एकच घन गांठ ६ मिलिमीटरहून लहान व धोका कमी असल्यास पुन्हां स्कॅन सहसा नको. ६ ते ८ असल्यास ६ ते १२ महिन्यांनीं. ८ हून मोठी असल्यास सुमारें ३ महिन्यांनीं स्कॅन, किंवा पेट स्कॅन, अथवा तुकडा काढून परीक्षा. धूसर कांचेसारखी दिसणारी गांठ ६ मिलिमीटर वा मोठी असून टिकून राहिली, तर पांच वर्षें नजर ठेवावी लागते.

तात्पर्य, वाट पाहणें म्हणजे विसरणें नव्हे. धूम्रपान केलें असल्यास डॉक्टरांपासून लपवूं नये, पहिलें चित्र जपावें आणि ठरलेली तारीख चुकवूं नये.