फुफ्फुसातील प्रोटॉन आणि मात्रेचे गणित



प्रोटॉन-उपचार हे नाव आपणां चेन्नईकरांस नवे नाही. भारतातील पहिले प्रोटॉन-उपचार केंद्र २०१९ साली याच शहरात सुरू झाले. खारघरचे त्यानंतर, २०२३ मध्ये. त्यामुळे स्नेहीमंडळी आम्हांस वारंवार विचारतात, “यंत्र एवढे अचूक, मग फुफ्फुसाचा रुग्ण म्हटला की डॉक्टर का बिचकतात?” बिचकण्याचे कारण बव्हंशी गणितात आहे.

क्ष-किरण शरीरातून आरपार जातो. प्रोटॉन मात्र प्रवासाच्या अखेरीस सर्वाधिक ऊर्जा ओततो आणि तेथेच थांबतो. रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली त्याचा हाच गुण उपचारासाठी सुचविला. परंतु कोठे थांबावयाचे हे वाटेतील घनतेवर ठरते, आणि हवेने भरलेल्या फुफ्फुसाची घनता पाण्याच्या साधारण एकचतुर्थांश. पाण्याच्या हिशेबात तीन मिलिमीटरांची चूक झाली, तर फुफ्फुसात ती एक सेंटिमीटरहून अधिक होते. गाठीचा काठ सुटावा किंवा पलीकडच्या हृदयास झळ पोहोचावी, एवढे हे अंतर आहे.

जुनी पद्धत पेन्सिल-शलाकेची. शलाकेचे बारीक भाग पाडावयाचे, प्रत्येकाच्या मध्यरेषेवरील घनता पाहावयाची आणि आजूबाजूसही तीच आहे असे धरून चालावयाचे. मेंदूत हे बरेचसे खपून जाते. छातीत बरगडी, हवा आणि गाठ एकमेकींस खेटून असतात. तेथे प्रोटॉन कडेला विखुरतात आणि गाठीस कागदावरच्याहून कमी मात्रा मिळते. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, छातीच्या प्रतिकृतीत प्रत्यक्ष मोजमाप केले असता, या पद्धतीने गाठीच्या मध्यावरील मात्रा सरासरी सात टक्के फुगवून सांगितल्याचे आढळले. साठ ग्रे लिहून दिलेल्या रुग्णाच्या पदरात सुमारे चार ग्रे कमी. म्हणजे रोजच्या दोन ग्रेच्या हिशेबाने दोन दिवसांचे उपचार जणू झालेच नाहीत!

दुसरी पद्धत माँटे कार्लो. आजारातून उठताना स्टॅनिस्लॉ उलाम एकट्याने पत्ते खेळत असत, तेव्हा १९४६ साली त्यांना ती सुचली. नाव मोनॅकोच्या जुगारघरावरून पडले. लक्षावधी प्रोटॉन एकेक करून संगणकात सोडावयाचे आणि प्रत्येकाची टक्कर संभाव्यतेच्या फाशांनी ठरवावयाची. जुगाराचे नाव लावणारी ही पद्धत मोजमापाशी कितीतरी अधिक जुळली, ही मोठी गंमत. पूर्वी तिला तासन्‌तास लागत; आता काही मिनिटे पुरतात. तेव्हा फुफ्फुसासाठी वेळेची सबब आम्हांस मान्य नाही.

अर्थात, उत्तम गणितही जुन्या चित्रावर चालविले तर फसते. गाठ श्वासागणिक हलते. उपचार चालू असता ती कधी आक्रसते, कधी मिटलेले फुफ्फुस पुन्हा उघडते. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत : मात्रा कोणत्या पद्धतीने काढली, आणि सीटी पुन्हा केव्हा होणार? जाणते डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.