दुधाचे पातेले आणि बाळाचे यकृत

(बऱ्हाणपूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



तापीकाठच्या या नगरीला शुद्ध पाण्याचे मोल सांगावयास नको. सतराव्या शतकात कुंडी भंडाऱ्याची योजना करणाऱ्यांनी झऱ्याइतकीच पाण्याच्या वाटेचीही काळजी घेतली. दुधाचेही तसेच आहे. दूध निर्भेळ असले, तरी ते कोणत्या भांड्यात तापविले जाते यावर बालकाचे जीवित अवलंबून असू शकते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील बालरोग विभागाच्या संशोधनातून पुढे आले.

एके काळी आपल्या देशात अनेक लहान बालके यकृताच्या सूत्रणरोगाने दगावत. मूल चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत हाताला टणक लागे. पुढे कावीळ व जलोदर होऊन अंत ओढवे. कित्येक घरांत भावंडे एकामागून एक जात.

रास्ता पेठेतील या रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी उपचारांबरोबरच बालकांच्या आहाराचीही चौकशी केली. अशा बालकांच्या यकृतात तांबे अतोनात साठलेले असे. ते आले कोठून? पुष्कळ बालकांना फार लवकर वरचे दूध सुरू झाले होते आणि ते पितळी भांड्यात तापविले वा ठेवले जात होते. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. कल्हई नसेल, तर त्यातील तांबे दुधात उतरते व तान्ह्या बाळाच्या यकृतात साचते. १९८३ मध्ये हे संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तांबे शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध रोगाच्या आरंभीच दिल्यास बालके वाचू शकतात, हेही या वैद्यांनी दाखविले.

काही कुटुंबांत आनुवंशिक प्रवृत्तीही कारणीभूत असावी, असे तज्ज्ञ मानतात. तथापि दुधासाठी पितळेचा वापर कमी झाला, तसा हा रोगही क्वचितच दिसू लागला.

म्हणून पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. पुढे वरचे दूध स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात तापवावे. तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवू नये. शिक्षकांनी ही गोष्ट पालकसभेत समजावून सांगावी. बाळाचे पोट फुगलेले वा डोळे पिवळे दिसल्यास अंगारेधुपारे न करता त्यास तत्काळ जिल्हा रुग्णालयात न्यावे. वेळीच आणलेल्या बालकासाठीच वैद्यांना पुष्कळ काही करता येते.