घरी सोडले; पण कोणत्या घरी?



खुब्याचे हाड मोडलेली सत्तरीपुढची विधवा सरकारी रुग्णालयात दाखल होते. शस्त्रक्रिया यशस्वी ठरते, टाके निघतात आणि डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती समाधानकारक, घरी सोडले’ अशी नोंद पडते. हे घर म्हणजे परळच्या चाळीतील तिसऱ्या मजल्यावरची दहा बाय दहाची खोली. संडास गॅलरीच्या टोकाला. मुलगा कंत्राटी कामगार, सून चार घरची धुणीभांडी करणारी. एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. म्हातारीची कूस बदलायची कोणी? पंधरवड्यात पाठीला जखमा घेऊन ती त्याच वॉर्डात परतते, किंवा परततच नाही. अशा वेळी ‘मुले निष्ठुर झाली’ असा निवाडा देणे सुखवस्तू वर्गाला फार सोपे जाते.

रुग्णालयाचे गाऱ्हाणेही खोटे नाही. एक खाट अडली, की जमिनीवर गादी टाकून निजलेला रोगी तसाच राहतो. मात्र ती मोकळी करण्याचे ओझे शेवटच्या दिवशी एकट्या समाजसेवा अधीक्षकावर पडते. आणि चालता न येणारा, नळी लावलेला रोगी बहुतेक वृद्धाश्रमांना नको असतो.

1935 साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे जुन्या दीनगृहातील शेकडो वृद्ध रोगी आले. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्यांना त्यांनी नीट तपासले, उठवले, चालवले. पुष्कळांना बाहेर पडता आले. उरलेल्यांची निगा कोठे व्हावी, हाही त्यांच्या लेखी वैद्यकाचाच प्रश्न होता.

आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. वृद्धाला टाकून देणाऱ्यास 3 महिन्यांपर्यंत कैद वा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्याच्या 19 व्या कलमात जिल्ह्यागणिक किमान 150 निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. पण तेथे भाषा ‘शासनाला काढता येईल’ अशी! मुलाला शिक्षा, शासनाला मुभा. 20 वे कलम सरकारी रुग्णालयात ‘शक्य तितक्या’ खाटा देऊ करते. ती खाट सोडल्यावर रोग्याने जायचे कोठे, याविषयी अवाक्षर नाही.

तेव्हा मागणी नेमकी हवी. प्रत्येक मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयाला जोडून, वैद्यकीय देखरेखीखाली, शुश्रूषेचा स्वतंत्र विभाग असावा. आणि दाखल होतानाच, पहिल्या दिवशी, केसपेपरवर तीन प्रश्न लिहिले जावेत: मजला कितवा, संडास कोठे, दिवसा घरी कोण असते.