मित्रराज्यावरची नजर



1980 साली पोलंडमध्ये ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहिली, तेव्हा शेजारच्या पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्तचर खात्याने वॉर्सातील आपल्या वकिलातीत एक खास पथक नेमले. दोन्ही देश वॉर्सा करारातील मित्र. मित्राच्या घरातील असंतोषाची बातमी शत्रूच्या बातमीहून निकडीची वाटावी, हा अनुभव पांढुर्णा-सौंसरच्या मुलखाला नवा नाही. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, आणि भोसल्यांच्या दरबारी कंपनी सरकारचा रेसिडेंट बसलेला होता.

मे 1816 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौजेचा तह केला. राजे परसोजी दुर्बल, कारभार आप्पासाहेबांकडे आणि दरबारात विरोधी पक्ष प्रबळ. म्हणून सारी बोलणी रात्री, चोरून झाली. नागपूर कंपनीचे मित्रराज्य झाले आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सचे काम वाढले. दरबारातील हालचाली, पुण्याशी चाललेला पत्रव्यवहार, फौजेची जमवाजमव, हे सारे त्याच्या पत्रांतून कलकत्त्यास जाई. एच. एन. सिन्हा यांनी संपादिलेल्या नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांत हा काळ जिज्ञासूंना आजही वाचता येतो.

1 फेब्रुवारी 1817 रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्यास होते. घातपाताची कुजबुज झाली. परंतु खुनाचा आरोप कंपनीने ठामपणे मांडला तो 1818 मध्ये, आप्पासाहेब नकोसे झाल्यावर! तोवर हाच राजा तिला मान्य होता.

नोव्हेंबर 1817 मध्ये पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे आप्पासाहेबांनी उघड दरबारात स्वीकारली. हेरांनी शोधून काढावे असे त्यात काही उरलेच नव्हते. 26 व 27 नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली.

पराभवानंतर गादी परत मिळाली खरी. पण गोंडांना आणि किल्लेदारांना आतून चिथावणी दिल्याच्या संशयावरून मार्च 1818 मध्ये त्यांना अटक झाली. अलाहाबादकडे नेले जात असता, मे महिन्यात रायचूर येथून शिपायाच्या वेशात ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. हर्रईचे गोंड जहागीरदार चैनशाह यांनी त्यांना आसरा दिला. जुलैत पांढुर्ण्याशेजारची मुलताई अरबांनी घेतली. त्यांच्यावर चालून निघालेल्या कॅप्टन स्पार्क्सची तुकडी बैतूलजवळ कापली गेली.

आप्पासाहेबांना पकडून देणाऱ्यास कंपनीने मोठे इनाम लावले. ज्या सरकारला दरबारातील बोलणे घरबसल्या कळत होते, त्याला या डोंगरांतून राजा सापडला नाही. 1819 च्या आरंभी आप्पासाहेब असीरगडाकडे निघून गेले, आणि 1840 मध्ये जोधपुरात वारले.