दहा कोंबड्यांचे घर

कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. तिच्यातला उपदेश सर्वांना ठाऊक आहे. पण कोंबडे झाकण्याची जी रीत तिने गृहीत धरली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रात्री बांबूच्या डालग्याखाली पाचसात कोंबड्या झाकावयाच्या आणि पहाटे डालगे उचलून त्यांना दिवसभर हिंडू द्यावयाचे, अशी ती जुनी व्यवस्था होती. डालग्याखालची जागा टीचभर. तरीही ती पुरत असे, कारण कोंबडीचे खरे घर ते नव्हतेच. परसातला उकिरडा, गोठ्यामागची सावली, खळ्याची कड आणि शेजाऱ्याचे कुंपण हे सारे तिचे आवार होते. डालगे ही केवळ निजावयाची जागा.

आज बहुतेक ठिकाणी हे आवार उरलेले नाही. घराभोवती भिंती आल्या, शेजारच्या परसात भाजीचे वाफे आले, रस्त्यावर वाहने आली. तेव्हा कोंबड्या पाळावयाच्या तर बंदिस्त जागेत पाळणे क्रमप्राप्त झाले. मात्र येथेच एक घोटाळा होतो. मोकळे आवार गेले, पण डालग्याचे माप मनातून गेले नाही. रात्री दहा कोंबड्या जेवढ्या जागेत निमूट बसतात, तेवढीच जागा त्यांना दिवसाही पुरेल, असा समज करून खुराडे बांधले जाते. अंड्यांच्या पैशांवर मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या गृहिणीला त्या समजाची किंमत पहिल्या पावसाळ्यातच मोजावी लागते.

दाटीचे दुष्परिणाम दोन वाटांनी येतात. पहिली वाट कोंबडीच्या स्वभावातली. नॉर्वेतील श्येल्डेरप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञाने 1920च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, कोंबड्यांच्या प्रत्येक कळपात मानाची एक उतरंड असते. वरची खालचीला टोचते आणि खालची मुकाट्याने बाजूला होते. बाजूला होणे हेच दुबळीचे एकमेव संरक्षण. जेथे बाजूला होण्यास जागाच नाही, तेथे टोचणे थांबत नाही. पिसे उपटली जातात, रक्त दिसू लागते, आणि रक्त दिसले की साऱ्याच तिच्यावर तुटून पडतात. हा कोंबड्यांचा दुष्टपणा नव्हे. पुष्कळदा तो जागेच्या हिशेबातला दोष असतो.

दुसरी वाट ओलाव्याची. एक कोंबडी दिवसाला सुमारे 100 ग्रॅम वा त्याहून अधिक विष्ठा टाकते आणि तिच्यात तीनचतुर्थांश पाणी असते. म्हणजे दहा कोंबड्या खुराड्यात रोज किलोभर ओला मळ टाकतात. जागा ऐसपैस असेल तर खाली अंथरलेला भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा हा ओलावा शोषून घेतो आणि कोंबड्यांच्या उकरण्याने तो वाळतो. जागा अपुरी असली की अंथरूण घट्ट होते, अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, आणि त्या उबदार ओलीत रक्ती हगवणीचे जंतू एकदोन दिवसांत संसर्गक्षम होतात. या रोगाला लहान पिल्ले प्रथम बळी पडतात.

मग जागा किती असावी? खालचा हिशेब दहा कोंबड्या व एक कोंबडा, अशा अकरा पक्ष्यांचा आहे. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या पक्ष्याला रात्रीपुरती आत दोनअडीच चौरस फूट जागा चालू शकते. पण आपल्या देशात हे माप फसवे ठरते. कोकणात आषाढ-श्रावणातली झड आठआठ दिवस थांबत नाही. तेव्हा बाहेरचे आवार असूनही नसल्यासारखे होते आणि पक्षी दिवसरात्र आतच राहतात. म्हणून खुराड्याचे माप माघातल्या उघडिपीवरून न धरता आषाढातल्या झडीवरून धरावे. दर पक्ष्यास चार चौरस फूट धरल्यास अकरा पक्ष्यांस 44 चौरस फूट होतात; 8 फूट लांब व 6 फूट रुंद खुराडे त्यांना पुरेसे होईल.

कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा झाडाच्या फांदीवर रात्र काढतो, आणि ती सवय पाळीव कोंबडीतही टिकून आहे. म्हणून आत बसण्यासाठी आडवा दांडा हवा. दर पक्ष्यास 8 इंच धरल्यास 8 फुटी एक दांडा अकराजणांना पुरतो. चारपाच कोंबड्यांमागे एक, या प्रमाणात अंडी घालण्याची फूटभर लांबरुंद अशी तीन खोकी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी.

बाहेरच्या आवाराला दर पक्ष्यास 10 चौरस फूट, म्हणजे 110 चौरस फूट जागा धरावी. तथापि एकच आवार सतत वापरले तर काही आठवड्यांत तेथे गवताची काडी राहत नाही आणि जमिनीत जंतांची अंडी साठत जातात. तेवढीच दोन आवारे करून आलटून पालटून वापरली, तर एकीकडे पक्षी चरतात आणि दुसरीकडे ऊन व विश्रांती जमिनीची शुद्धी करतात. खुराड्याचे 48 आणि आवारांचे 220 मिळून 268 चौरस फूट झाले; हे क्षेत्र जवळजवळ पाव गुंठा भरते. दहा कोंबड्यांना पाव गुंठा, हे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे.

प्रांताप्रांतानुसार या आराखड्यात फेरफार करावा लागतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते व अंग निववते. म्हणून विदर्भासारख्या कडक उन्हाच्या मुलखात खुराड्याची लांबी पूर्वपश्चिम ठेवावी आणि उत्तर-दक्षिण बाजूंना दीड फूट भिंतीवर जाळी लावावी, म्हणजे सकाळसंध्याकाळचे तिरपे ऊन आत शिरत नाही. कोकणात छपराची वळचण तीन फूट पुढे काढावी. ईशान्य भारतात बांबूच्या खांबांवर जमिनीपासून उचललेली खुराडी बांधतात; ओल आणि श्वापदे या दोहोंवरही तो चांगला उपाय आहे. मुंगूस, रानमांजर आणि साप सर्वत्रच आहेत; तेव्हा खालची जाळी बारीक असावी व ती फूटभर जमिनीत पुरावी.

आणखी एका गोष्टीचा विसर पडून चालत नाही. कळप वाढतो. एक खुडूक कोंबडी दहाबारा अंड्यांवर बसते, एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात, आणि त्यांतली आठ जगली तर पाचसहा महिन्यांत अकराचे एकोणीस होतात. 48 चौरस फुटांत मग प्रत्येकाच्या वाट्यास अडीच फूटच येतात आणि पुन्हा डालग्याचा प्रसंग ओढवतो. मुठीएवढी पिल्ले खुराड्यात दिसतही नाहीत, म्हणून ही वाढ ध्यानात येत नाही. तेव्हा रोवण घालण्यापूर्वीच ठरवावे की, नर केव्हा विकावयाचे, किती तलंगा ठेवावयाच्या आणि कोणत्या जुन्या कोंबड्या काढावयाच्या.

ज्याच्यापाशी पाव गुंठा नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. शंभर चौरस फुटांत चार कोंबड्या सुखाने नांदतात. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, असे धरले तरी चौघींची मिळून आठवड्याला चारपाच अंडी मुलांच्या ताटात पडतात. त्याच शंभर फुटांत दहा कोंडल्या, तर खाद्याचा खर्च अडीचपट होतो, पण अंडी त्या प्रमाणात वाढतीलच असा भरवसा नसतो. रोगाचे भय मात्र निश्चित वाढते. कोंबड्या विकत घेण्यासाठी बाजाराला निघण्यापूर्वी घरच्या माणसाने दोरी घेऊन परसाची लांबीरुंदी मोजावी. टोपलीत किती पक्षी घ्यावयाचे, हे त्या मापावरून ठरवावे.