नागपूरच्या वस्त्यांचे नाद



१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आसपासच्या वस्त्यांचा दिवस भोंग्याला बांधला गेला. कामगाराचा डबा, मुलांची शाळा, नळावरची गर्दी, साऱ्यांची वेळ भोंगाच सांगे. मिल २००२ मध्ये बंद पडली. घड्याळे घरोघरी आली होती. तरी अवघ्या वस्तीची मिळून एक वेळ उरली नाही.

पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या भागांची ओळख निराळी. तेथे कोष्टी विणकरांचे हातमाग. धोटा सरकल्याची खटखट आणि मागोमाग फणीचा ठोका. परक्याला हा गोंगाट वाटे. शेजाऱ्याला मात्र माग थांबताच कळे, की घरात कोणी आजारी आहे किंवा सूत संपले आहे. यंत्रमाग आले आणि ही वार्ता देणारा नाद मंदावला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी तेवढी महाल-इतवारीत अजून घुमते.

ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रुग्णाला नि विद्यार्थ्याला तिची गरज आहेच. परंतु या मापात मोटारीचा कर्णा आणि मागाचा ठोका एकाच पंक्तीला बसतात! कोणता आवाज वस्तीचा आणि कोणता उपरा, हे तेथील रहिवाशांनाच विचारावे लागेल. मिलमधले कामगार आणि जुने विणकर आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या आठवणी आणि चालत्या मागाचा ठेका ध्वनिमुद्रित करण्याचे काम महाविद्यालयांनी याच वर्षी हाती घ्यावे.