गाडीवरची धूळ आणि सुकं फडकं



चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड करत ताम्हिणीकडे जाणारा मुळशीचा रस्ता पुणेकरांच्या चांगल्या ओळखीचा. जानेवारी-फेब्रुवारीत या रस्त्याने जाऊन आलेली गाडी पाहा. सकाळी धुऊन निघालेली असली, तरी संध्याकाळी बॉनेटपासून डिकीपर्यंत तिच्यावर करड्या धुळीचा थर बसलेला असतो. गाडी साठ-सत्तरच्या वेगाने आली, मग ही धूळ वाऱ्याने उडून का गेली नाही? आणि ती उतरवायची कशी? याविषयी आज बोलू या.

ही धूळ बहुतांशी आपल्याच डोंगरांची आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचले आणि त्यातून सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट तयार झाला. आज तोच पाषाण फोडून खडी होते, क्रश सँड होते. क्रशरची भुकटी, ताडपत्री न टाकलेले डंपर, हिंजवडीपासून पिरंगुटपर्यंत चाललेली बांधकामं आणि डांबराच्या कडेची मोकळी माती, हे सगळं टायरखाली पुन्हा पुन्हा दळलं जातं. जेवढं दळलं जाईल तेवढं बारीक होतं, आणि चिकटण्याचं पहिलं कारण या बारीकपणातच आहे.

कोणतेही दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की त्यांच्या रेणूंमध्ये एक सूक्ष्म आकर्षण निर्माण होतं. डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांच्या नावाने ते ओळखलं जातं. त्यांना 1910 साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. खडीच्या तुकड्यालाही हे आकर्षण असतं, पण त्याचं वजन त्यावर मात करतं. कणाचा व्यास दहापट कमी झाला, तर त्याचं वजन हजारपट घटतं, चिकटण्याचं बळ मात्र साधारण दहापटच घटतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. 10 मायक्रॉनच्या कणाला त्याच्या वजनाच्या कितीतरी पट अधिक बळाने रंग धरून ठेवतो. म्हणून उभ्या दारावरूनही धूळ घसरत नाही.

दुसरं कारण वाऱ्याचं. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी 1904 साली दाखवून दिलं, की वाहती हवा पृष्ठभागाला टेकते तिथे तिचा वेग जवळजवळ शून्य होतो. त्याला लागून मंद हवेचा एक पातळ थर असतो. खडा या थराच्या वर डोकं काढतो, म्हणून उडतो. बारीक कण त्याच्या तळाशी सुरक्षित राहतो. गाडीच्या मागे तर हवेचे भोवरे तयार होतात, आणि चाकांनी उडवलेली धूळ ते मागच्या काचेवर आणून टाकतात. डिकीचा भाग सर्वांत मळतो तो यामुळे.

तिसरं कारण विजेचं. रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक लेप असतो. तो प्लॅस्टिकच्याच जातीचा, वीज वाहू न देणारा. हिवाळ्या-उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत त्यावर सुकं फडकं घासलं, की स्थिर विद्युतभार तयार होतो आणि तिथेच अडकून राहतो. हा भार हवेतले कण ओढून घेतो. म्हणजे पुसून चकचकीत केलेली गाडी काही वेळातच नवी धूळ गोळा करू लागते. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे अधिक जाणवतं.

आणि चौथं कारण दवाचं. मुळशी धरणाच्या परिसरात थंडीत पहाटे धुकं आणि दव असतं. रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर दव पडतं, धुळीचा पातळ चिखल होतो, आणि ऊन चढलं की तो वाळून घट्ट बसतो. पाण्यात विरघळलेले क्षार मागे उरतात आणि कणांना रंगाशी जखडतात. अशी धूळ झटकून निघत नाही.

म्हणूनच ती घासून काढण्याचा मोह घातक ठरतो. क्लिअर कोटची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कमी. बेसॉल्टमधली खनिजं काचेच्या तोडीची कठीण, तर हा लेप काचेपेक्षा पुष्कळ मऊ. सुक्या फडक्याखाली तीच खनिजं रंगावर फिरतात. काळ्या गाडीवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे बहुधा अशा पुसण्याचेच असतात.

उपाय साधा आहे. गाडी सावलीत घ्या. आधी वरून खाली भरपूर पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्या. मग गाडीच्या शाम्पूचं पाणी एका बादलीत आणि फडकं खळबळायला साधं पाणी दुसऱ्या बादलीत ठेवा. मऊ मायक्रोफायबरने हलक्या हाताने धुवा. पाणी गाडीवर वाळू देऊ नका, कारण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. अधूनमधून मेण लावलंत तर रंगावर पाणी थेंबाथेंबाने उभं राहतं आणि ओघळताना धूळ सोबत नेतं. अशी गाडीही धुवावी लागतेच, पण धूळ लवकर सुटते.

शेवटी एक विनंती. सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारी माणसं एका बादलीत आणि एका फडक्यात अनेक गाड्या उरकतात, कारण आपण त्यांच्याकडे रोजचं पुसणं मागतो. त्यांना सांगा, रोज सुकं पुसू नका. आठवड्यातून एकदा नीट पाण्याने धुवा, पगार तोच राहील. दोन बादल्या आणि स्वच्छ फडकी आपण द्या. त्याने गाडीचा रंग टिकेल, आणि ती धूळ रोज त्यांच्या नाकातोंडात जायचीही थांबेल.